‘आधीचा पगार किती?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी बदलणाऱ्याचा पगार बाजारभावाला धरून राहतो की मागे पडतो, हे वर्षानुवर्षं अर्जातल्या एका चौकटीवर ठरत आलं. ‘सध्याचा पगार’, शेजारी लाल चांदणी. आकडा टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

खरा तोटा गुणाकारात आहे. समजा, एकाच कामाला एकाला 100 मिळतात, दुसऱ्याला 80. दोघांनी तीनदा नोकरी बदलली आणि दर वेळी जुन्या पगारावर 20 टक्के वाढ घेतली, तर 20 चा फरक साडेचौतिसांवर जातो. मंदीत मिळेल त्या पगारावर रुजू झालेला माणूस पुढे कितीही शिकला, तरी तो जुना आकडा त्याची पाठ सोडत नाही.

2016 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ऑफर देण्याआधी हा प्रश्न विचारण्यावर बंदी आणणारा कायदा केला. तो 2018 च्या जुलैत लागू झाला. न्यूयॉर्क शहर आणि कॅलिफोर्नियातली बंदी त्याआधीच अमलात आली होती. हेतू होता स्त्री-पुरुषांच्या वेतनातली दरी कमी करण्याचा.

सगळ्यात मोठा वाद अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात, तिथल्या अशाच बंदीवरून झाला. तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचं म्हणणं असं, की प्रश्न विचारणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे. 2018 मध्ये खालच्या न्यायालयाने मधला मार्ग काढला: त्या आकड्यावरून पगार ठरवू नका, पण विचारायला हरकत नाही. हा निकाल मला तेव्हाही पटला नव्हता. एकदा कानावर पडलेला आकडा मनातून पुसायचा कसा? 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने विचारण्यावरची आणि त्यावरून पगार ठरवण्यावरची, अशा दोन्ही बंद्या कायम ठेवल्या. उमेदवाराने आपणहून पगार सांगितला तर काय, याबाबत मात्र प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा राहिला. ‘अपेक्षा किती?’ हा प्रश्न तर बहुतेक ठिकाणी चालतोच, आणि घाईत उत्तर देणारा जुन्याच पगारात थोडी भर घालून मोकळा होतो.

त्यानंतर कायद्यांचा रोख नोकरीच्या जाहिरातीकडे वळला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2021 पासून जाहिरातीत पगाराची किमान-कमाल मर्यादा छापणं सक्तीचं केलं, तेव्हा ते टाळण्यासाठी काही कंपन्यांनी घरून करायच्या कामांच्या जाहिरातीत ‘कोलोरॅडोतल्यांनी अर्ज करू नये’ असं छापलं. युरोपीय संघाच्या 2023 च्या निर्देशाने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या: जुना पगार विचारायचा नाही आणि नव्या जागेचा पगार वाटाघाटीआधी सांगायचा. सदस्य देशांना त्यासाठी 7 जून 2026 पर्यंतची मुदत दिली गेली.