दोन ओएस टाकल्या की मशीन अर्धं होतं, हे कुणी सांगितलं?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला आणि व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड फिरायला लागले, की जुने कॉम्प्युटर आता बंद पडणार, भंगारात घाला. बंद वगैरे काही पडत नाही. सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात एवढंच, आणि घरगुती वापराला तेसुद्धा नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. अडचण वेगळी आहे. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि सोलापुरात घरोघरी जे असेम्बल केलेले पीसी आहेत त्यातले कितीतरी त्याच्या आधीचे. मग लोक विचारतात, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी लिनक्स ही ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकू का, आणि लगेच पुढचा प्रश्न, मग हिशेबाचं टॅली कशात चालवायचं, आणि मराठी टायपिंगच्या श्रीलिपीचं काय.

दोन्ही ठेवा की, ड्युअल बूट करा, मशीन चालू करताना हवी ती निवडायची! असं म्हटलं की समोरचा ठरलेलं वाक्य टाकतो, "नको ओ, दोन ओएस टाकल्या की मशीन अर्धं होतंय." नवी पेठेत विचारा नाहीतर सात रस्त्याला, हेच ऐकायला मिळेल. कसं अर्धं होतं ते मात्र कुणी सांगत नाही.

होत नाही म्हणूनच सांगत नाही. जी ओएस चालू नाही ती म्हणजे डिस्कवर पडलेल्या फाइली, बाकी काही नाही. ती रॅम खात नाही, प्रोसेसर खात नाही, फक्त जागा अडवते. सोलापूरच्या पूर्व भागात जकार्डचा माग बघितला असेल तर हे लगेच कळेल. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ वर फिरत असते आणि कुठला उभा धागा उचलायचा ते ती भोकं ठरवतात, माळ बदलली की त्याच मागावर दुसरी नक्षी. दुसरी माळ कोपऱ्यात पडलीय म्हणून माग काय हळू चालत नाही. आणि ही नुसती उपमा नाही बरं का, फ्रान्समधल्या जकार्डचा हा माग 1804 च्या सुमाराचा, त्याच्या कार्डांवरून चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणिती यंत्राला सूचना द्यायची पद्धत उचलली, आणि पुढे 1890 ची अमेरिकेची जनगणना हॉलेरिथ या अमेरिकी संशोधकाने भोकांच्या कार्डांवरच मोजली. म्हणजे आपली चादर आणि तुमचा पीसी लांबचे का होईना नातेवाईकच.

स्लो होतो हा समज कुठून आला असावा त्याचा मला अंदाज आहे. व्हर्च्युअल मशीन म्हणून एक प्रकार असतो, त्यात विंडोज चालू असतानाच तिच्या पोटात लिनक्स चालवतात, तेव्हा 4 जीबी रॅम दोघात वाटली जाते आणि मशीन खरंच रडतं. ड्युअल बूट म्हणजे ते नव्हे. इथे एका वेळी एकच.

एकच का, हे बघायला बटण दाबल्यापासून लोगो दिसेपर्यंतच्या दोन-चार सेकंदात काय होतं ते बघायला लागतं, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी तेवढ्यासाठीच लिहितोय.

वीज आली की प्रोसेसरला काहीच माहीत नसतं. विंडोज-लिनक्स सोडा, रॅम किती आहे ते पण माहीत नसतं. त्याला जन्मापासून एकच पत्ता पाठ असतो, 4 जीबीच्या हद्दीच्या बरोबर 16 बाइट अलीकडचा. तिथली सूचना वाचायची आणि कामाला लागायचं. हा पत्ता रॅममधला नसतोच, तो मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपकडे वळवलेला असतो. आता 16 बाइटात काय मावणार, तर "तिकडे उडी मार" एवढी एक सूचना. उडी मारली की चिपमधला फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्राम, रॅम सुरू करायला घेतो, पण गंमत बघा, रॅम सुरू करणारा प्रोग्राम चालवायला पण रॅम लागते आणि ती तर अजून सुरूच नाही! इंटेलच्या मशीनवर त्यासाठी प्रोसेसरच्या आतली छोटी मेमरी, कॅश, तेवढ्यापुरती रॅम म्हणून वापरतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

पुढची गोष्ट जुन्या मशीनवर, जिथे या फर्मवेअरला बायोस म्हणतात, 512 बाइटची. डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला कप्पा, तेवढाच. त्यात 446 बाइट प्रोग्राम, 64 बाइट पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता आणि शेवटी 2 बाइटची खूण. बायोस हे 512 बाइट उचलतो, रॅममध्ये 7सी00 या पत्त्यावर ठेवतो, ताबा देतो, विषय संपला. तक्त्यात 16-16 बाइटच्या चार नोंदी मावतात म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. प्रत्येक नोंदीत सेक्टर मोजायला 32 बिट, म्हणजे जास्तीत जास्त साधारण 429 कोटी सेक्टर, त्याला 512 ने गुणलं की 2.2 लाख कोटी बाइट. 2 टीबीच्या पुढची डिस्क या पद्धतीत पूर्ण वापरता येत नाही ती या गुणाकारामुळे. आणि "आधी विंडोज, मग लिनक्स" हा नियम सगळे सांगतात तो पण इथलाच. 446 बाइटची जागा एकच, विंडोजचा इन्स्टॉलर कुणाला न विचारता तिथे स्वतःचा प्रोग्राम लिहितो, लिनक्सचा ग्रब, म्हणजे ओएस निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम, मात्र शेजारी विंडोज आहे का बघून तिला मेनूत घेतो. शेवटी येणारा टिकतो, म्हणून शेवटी समजूतदाराला आणायचं.

नव्या मशीनवर बायोसच्या जागी यूईएफआय हा नवा फर्मवेअर आहे आणि ही मारामारी बरीच कमी झालीय. डिस्कवर एक छोटं पार्टिशन असतं, फॅट32 या फाइली ठेवायच्या पद्धतीत फॉरमॅट केलेलं, विंडोज ते बऱ्याचदा 100 एमबीचं करते. फॅटच का, तर फर्मवेअरला विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची ईएक्सटी4 वाचायची सक्ती नको, एक साधी पद्धत सगळ्यांनी पाळायची. त्यात विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटू या लिनक्सचं वेगळं, कुणी कुणाच्या अंगावर लिहीत नाही. कुठली फाइल आधी चालवायची त्या यादीचं नाव बूटऑर्डर, ती मदरबोर्डच्या मेमरीत. आणि मग मला सगळ्यात आवडणारी जागा येते. त्या फाइलीतल्या लोडरने कर्नल, म्हणजे ओएसचा गाभा, रॅममध्ये आणला की फर्मवेअरला एक शेवटचा निरोप जातो, एक्झिटबूटसर्व्हिसेस. त्यानंतर फर्मवेअर जवळपास सगळा कारभार सोडून देतो, रॅमचा नकाशा कर्नलच्या हातात, आणि इथून मागे फिरता येत नाही, दुसरी ओएस हवी तर रीस्टार्टच. दोघी एकदम का चालत नाहीत त्याचं उत्तर या एका निरोपात आहे.

एक जाता जाता. खंडेनवमीला सीपीयूची पूजा करा, माझी ना नाही, पण हळदकुंकू पुढच्या जाळीत टाकू नका, पंखा ते आत ओढतो. मशीनला नजर लागली म्हणून लिंबू-मिरची बांधलेलं कॅबिनेट पण बघितलंय, तिथे रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबराने पुसले आणि नजर उतरली. तसंच "लिनक्सला व्हायरस लागतच नाही" हे दुसरं लिंबू. कमी लागतो. फुकट सॉफ्टवेअरच्या नावाखाली कुठूनही काहीही उतरवून पासवर्ड देत बसलात तर लिनक्स काय करणार.

प्रत्यक्ष टाकायचं काम त्या मानाने सोपं. आधी बॅकअप, तो नसेल तर पुढचं वाचू नका. विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून सी नाहीतर डी ड्राइव्ह आकसून 50-60 जीबी मोकळी करायची, पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट घ्यायचं, त्यावरून मशीन चालू करून न टाकताच वापरून बघायचं, वायफाय-प्रिंटर चालतो का बघायचं, मग टाकायचं. आपल्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे पार्टिशनच्या कामाला यूपीएस पाहिजेच.

खरी डोकेदुखी नंतरची. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतो, कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवलेली असते, मग लिनक्समधून सी ड्राइव्हवर लिहायला गेलं की तो बहुतेक वेळा नाही म्हणतो आणि बरोबर म्हणतो, तेव्हा ते आधी बंद करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मोठ्या अपडेटनंतर ग्रबचा मेनू गायब झाला तर घाबरू नका, बहुतेक वेळा बूटऑर्डरमध्ये विंडोज वर जाऊन बसलेली असते, फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन परत खाली आणायची. ऑगस्ट 2024 चं प्रकरण जरा वेगळं होतं, तेव्हा विंडोजच्या अपडेटने सिक्युअर बूटची, म्हणजे सुरू होताना कुठल्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा त्याची, यादी अशी बदलली की काही जणांचं लिनक्स सुरूच होईना.

शेवटचं घड्याळाचं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, ठेवतो आणि विंडोज तीच वेळ भारतीय समजते. त्यामुळे लिनक्स बंद करून विंडोज लावली की रात्री आठला दुपारचे अडीच दिसतात आणि लोक मदरबोर्डचा सेल बदलून आणतात. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर सेलचा दोष नाही. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या कमांडने स्थानिक वेळ ठेवायला सांगा, झालं. फक्त दोघींपैकी एकीलाच सांगा, विंडोजलाही रजिस्ट्रीतून, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगमधून, यूटीसी शिकवलं तर परत साडेपाच तासांचा फरक, यावेळी पुढच्या बाजूला.