चंदीगडचे रस्ते आणि १३ चा पाढा

चंदीगड शहर नंबर दिलेल्या चौकोनी भागांत, म्हणजे सेक्टरांत वाटलंय. त्याचा जुना नकाशा उघडलात तर आधी १३ नंबरचा सेक्टर शोधून बघा. सापडणार नाही, मूळ आखणीत तो नंबरच गाळला होता (२०२० मध्ये मनीमाजरा या भागाला तो दिला). पण मला जास्त आवडते ती पुढची गोष्ट. मध्य मार्ग नावाचा मोठा रस्ता आहे, त्याच्या एका बाजूला सेक्टर ९ आणि समोर १७, बेरीज २६. ८ च्या समोर १८, परत २६. १७ ला लागून पलीकडे २२, बेरीज ३९, आणि ९ च्या डोंगराकडच्या बाजूला ४, म्हणजे १३. सगळे १३ च्या पाढ्यातले! नंबर शेत नांगरल्यासारखे दिलेत, एक ओळ इकडून तिकडे, पुढची तिकडून इकडे, त्यामुळे एका ओळीत आकडा एकाने वाढला की समोरच्या ओळीत एकाने कमी होतो आणि बेरीज तीच राहते. १३ गाळला नसता तर २६ ऐवजी २५ आली असती. (जुन्या, उत्तरेकडच्या भागातच हे जमतं, पुढे नाही.)

१९४७ ला लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानीच उरली नाही, म्हणून हे शहर. पहिला आराखडा नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि वास्तुविशारद मॅथ्यू नोविकी यांचा, त्यात रस्ते वळणदार होते. १९५० मध्ये नोविकी विमान अपघातात गेले, १९५१ पासून काम वास्तुविशारद ले कॉर्बुझिए यांच्याकडे आलं आणि त्यांनी वळणं बरीचशी सरळ करून चौकटी पाडल्या.

माझ्या मते खरं डोकं आहे ते रस्त्यांच्या वाटणीत. आपण रस्ता म्हटलं की रुंदी बघतो, त्यांनी वेग बघितला. व्ही-१ ते व्ही-७ असे सात प्रकार केले. व्ही-१ बाहेरगावाहून येणारा, व्ही-२ म्हणजे जन मार्ग, मध्य मार्ग असे मुख्य रस्ते, व्ही-३ सेक्टरच्या चारही बाजूंनी पळणारा आणि त्यावर एकाही घराचं दार उघडायचं नाही. व्ही-४ सेक्टरच्या आतला बाजाराचा रस्ता, मुद्दाम थोडा वळवलेला, म्हणजे गाडी आपोआप हळू होते. व्ही-५, व्ही-६ घरापर्यंत नेणारे, आणि व्ही-७ हिरव्या पट्ट्यातली पायवाट. सायकलसाठी व्ही-८ नंतर जोडला.

एवढी वाटणी कशासाठी, तर वेग दुप्पट झाला की गाडीची गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ६० ने येणारी गाडी ३० वाल्या गाडीपेक्षा चौपट ऊर्जा घेऊन आदळते, मग ती शाळेत निघालेल्या पोरांच्या वाटेवर येऊच कशाला द्यायची? सेक्टर ८०० मीटर बाय १२०० मीटरचा आणि बाजाराचा रस्ता साधारण मधून, म्हणजे अगदी टोकाच्या घरातून सरळ चाललं तरी ६०० मीटर, सात-आठ मिनिटं, आणि वाटेत पळणारा रस्ता एकही नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता चौक. दोन रस्ते एकमेकांना छेदतात तिथे गाड्यांच्या वाटा एकमेकींना भिडतात अशा ३२ जागा तयार होतात, त्यातल्या १६ मध्ये गाडी दुसऱ्या गाडीच्या वाटेला आडवी जाते, म्हणजे सगळ्यात वाईट धडक तिथेच. तिथे एका लेनचा गोल चौक केला तर ८ च उरतात आणि आडवी धडक जवळपास संपतेच, कारण सगळे एकाच दिशेने फिरतात. चंदीगडमध्ये असे गोल चौक ठिकठिकाणी आहेत, फक्त ते मोठे, जास्त लेनचे, म्हणून आकडे थोडे वेगळे पडतात, तत्त्व मात्र तेच.

पण गोल चौक चालतो तो फटीवर. आत फिरणाऱ्या दोन गाड्यांमध्ये काही सेकंदांची मोकळी जागा मिळाली तरच बाहेरची गाडी शिरणार, आणि गर्दी वाढली की त्या फटी एक-एक करून नाहीशा होतात, त्यात एकाच बाजूने सारखी रांग येत असेल तर तिच्या पुढच्या रस्त्याने चौकात शिरू बघणारे लोक अडकून बसतात. शहर आखलं होतं ५ लाख लोकांसाठी, २०११ च्या जनगणनेत साडेदहा लाख मोजले गेले, आणि माणशी गाड्यांच्या बाबतीत चंदीगड देशात अगदी वरच्या रांगेत आहे. म्हणून मग बऱ्याच गोल चौकांवर सिग्नल बसवावे लागले, जे टाळण्यासाठीच तो गोल होता. सात प्रकारांनी गाडी कुठे आणि किती जोरात जाईल ते ठरवलं, किती गाड्या येतील ते त्यांच्या हातात नव्हतंच.

आणि याचा त्रास सगळ्यात जास्त होतो चालणाऱ्याला. व्ही-७ चा हिरवा पट्टा सेक्टरमागून सेक्टर पुढे जातो, झाडं आहेत, बाकडी आहेत, सकाळी आजी-आजोबा फिरतात, पण सेक्टर संपला की समोर व्ही-३ आडवा, आणि पलीकडे तोच पट्टा पुढे चालू झालेला दिसत असतो, फक्त तिथपर्यंत पोचायला गाड्यांमधली फट शोधत उभं राहावं लागतं.