घोटा दुखतोय, मग पाळी आणि झोपेबद्दल का विचारता? आमच्या फॉर्ममागचं कारण

आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये पहिल्यांदा येणारे बरेच डान्सर आणि खेळाडू फॉर्मच्या दुसऱ्या पानावर अडखळतात. घोटा दुखतो म्हणून आलोय, मग शेवटची पाळी कधी आली, रात्री किती तास झोपता, मुद्दाम जेवण टाळता का, गेल्या सहा महिन्यांत आयुष्यात काही मोठं घडलं का, हे सगळं कशाला? विचारणं अगदी रास्त आहे, पण उत्तर काउंटरवर दोन मिनिटांत देण्यासारखं नाहीये, म्हणून हे माहितीपत्रक.

नर्तक आणि खेळाडूंवर गेल्या चाळीसेक वर्षांत जो रिसर्च झालाय त्यात एक गोष्ट सारखी समोर येते, की हाडं, स्नायू, हार्मोन, झोप आणि मन हे वेगवेगळे कप्पे नाहीत, एकीकडे कमी पडलं की दुखणं भलतीकडेच निघतं, आणि नुसती दुखणारी जागा बरी करून सोडलं तर तीच इंज्युरी परत यायची शक्यता राहते. ते आम्हाला नकोय.

पाळीचा प्रश्न पहिला का

१९८६ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ७५ व्यावसायिक बॅले नर्तकींवरचा एक अभ्यास छापून आला. सरासरी वय २४ च्या आसपास, म्हणजे हाडं सगळ्यात भक्कम असायला पाहिजेत असं वय, पण त्यातल्या ६१ टक्के जणींना कधी ना कधी फ्रॅक्चर झालेलं होतं आणि त्यातली बरीचशी स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने हाडाला पडणारी बारीक चीर), जास्त करून पावलाच्या लांब हाडांची. २४ टक्के जणींना पाठीच्या कण्याचा बाक होता. आणि ज्यांची पाळी उशिरा सुरू झाली त्यांच्यात हे प्रमाण वाढत जाताना दिसलं. कारण इस्ट्रोजेन हे स्त्रियांमधलं हार्मोन हाडं टिकवून धरतं, आणि पाळी महिनोन्महिने येत नाही तेव्हा बऱ्याचदा ते कमी पडलेलं असतं.

पुढे १९९२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी खाण्याच्या बिघडलेल्या सवयी, बंद झालेली पाळी आणि ठिसूळ हाडं या तीन गोष्टी एकत्र मांडल्या, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञगटाने ती कल्पना मोठी करून तिला रेड-एस असं नाव दिलं. म्हणजे खेळात शरीराला जेवढी ऊर्जा लागते तेवढी मिळतच नाही अशी अवस्था. ती फक्त मुलींची नाही, पुरुषांचीही असते, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन कमी होतं, लैंगिक इच्छा कमी होते, सारखा थकवा राहतो, पण पाळीसारखी ठळक खूण नसल्याने लक्षात यायला जास्त वेळ लागतो. म्हणून पुरुषांच्या फॉर्ममध्येही तसे प्रश्न आहेत, कृपया ते रिकामे सोडू नका.

हिशोब कसा करतात तेही सांगतो. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरीतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा करायच्या, जे उरतं ते शरीराच्या चरबी सोडून बाकी वजनाने भागायचं. २००३ च्या एका प्रयोगात तरुण स्त्रियांना फक्त पाच दिवस वेगवेगळ्या पातळीवर ठेवलं, तर किलोमागे साधारण ३० किलोकॅलरीच्या (रोजच्या बोलण्यात यालाच कॅलरी म्हणतात) खाली गेल्यावर पाळी चालवणाऱ्या हार्मोनचा ताल बिघडायला लागला. पाच दिवसांत! ४५ ही पातळी पुरेशी मानतात. समजा चरबी सोडून वजन ४५ किलो आहे आणि रोजच्या ट्रेनिंगमध्ये ६०० कॅलरी जातात, तर नुसत्या ३० वर राहायला १९५० आणि ४५ वर यायला २६२५ कॅलरी खायला लागतात. प्रॅक्टिस वाढली पण ताटातलं तेवढंच राहिलं तर काय होतं हे यावरून कळेल, आणि असं व्हायला कुणी मुद्दाम डाएटच करत असायला पाहिजे असं नाही, लागोपाठ रिहर्सलमुळे भूक मरते, वेळ मिळत नाही, एवढंही पुरतं. ३० हा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही, म्हणून त्यावरून स्वतःचं निदान करत बसू नका. वजन काट्यावर नॉर्मल असलं तरीही ही अवस्था असू शकते, कारण शरीर खर्च कमी करून वजन सांभाळून घेतं.

एक गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगितलेली नसते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना दर महिन्याला जो रक्तस्राव होतो तो पाकिटातल्या हार्मोनच्या गोळ्यांमध्ये काही दिवस खंड पडतो त्यामुळे होतो, तुमचं स्वतःचं चक्र चालू आहे याचा तो पुरावा नाही. त्यामुळे गोळ्या घेत असाल तर तेवढं जरूर लिहा.

खाण्याबद्दल विचारतो, पण वजन करायला लावत नाही

नर्तकांमधल्या खाण्याच्या विकारांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात एकूण नर्तकांपैकी साधारण १२ टक्के आणि बॅले करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांच्या वर लोकांना असा विकार असल्याचं दिसलं, बाकी लोकांच्या तुलनेत धोका सुमारे तिप्पट. दिवसभर आरसा समोर, अंगाला घट्ट कपडे, आणि निवड करणाऱ्याची नजर शरीरावर, यात कुणाचाही तोल ढळू शकतो आणि त्यात त्या व्यक्तीचा काही दोष नसतो हे आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून गरज नसेल तर आमच्याकडे कुणाला काट्यावर उभं करत नाही, शरीरावर कॉमेंट करत नाही, आणि सोबत आलेल्या कोच किंवा पालकांनाही आमच्यासमोर ते करू देत नाही.

झोप

१२ ते १८ वयाच्या ११२ शाळकरी खेळाडूंवरचा २०१४ चा अभ्यास आहे, ८ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना इंज्युरी व्हायची शक्यता १.७ पट होती. अर्थात झोप कमी म्हणूनच इंज्युरी झाली असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण दुसऱ्या बाजूनेही पुरावा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममधल्या ११ खेळाडूंना काही आठवडे जास्त झोपायला लावलं तर त्यांचा पळण्याचा वेग सुधारला आणि फ्री थ्रोची (एका जागी उभं राहून, कुणी न अडवता बास्केटमध्ये बॉल टाकण्याची) अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. ग्रुप लहान होता, तरी आमच्या मते झोपेइतका सोपा, बिनखर्चाचा उपाय दुसरा नाही, आणि रात्री उशिराच्या शोनंतर सकाळी लवकर क्लास ठेवणाऱ्यांनी यावर खरंच विचार करावा.

मनावर ताण असला तर गुडघ्याला काय होणार?

होतं. १९८८ मध्ये अँडरसन आणि विल्यम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की ताणाखाली माणसाचं लक्ष आकसतं, बाजूचं दिसत नाही, स्नायू नको तिथे आखडतात, आणि त्या क्षणी चुकीचं पाऊल पडायचा धोका वाढतो. नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी याला बळ दिलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हवेत गिरकी घेताना आपण कुठे आहोत हेच कळेनासं झालं म्हणून टीम फायनलमधून बाहेर पडली, तेव्हा तिच्यावर टीकाही खूप झाली. पण हवेत दिशा हरवलेली जिम्नॅस्ट मानेवर पडू शकते, त्यामुळे ती थांबली हे बरोबरच केलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली.

इंज्युरी बरी झाल्यावरही मनाचा भाग संपत नाही. गुडघ्याच्या एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालेल्या लोकांवरचे अभ्यास २०१४ मध्ये एकत्र केले तेव्हा दिसलं की ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, पण आधीच्या लेव्हलला ६५ टक्केच, आणि स्पर्धेच्या लेव्हलला ५५ टक्के. गुडघा टेस्टमध्ये पास होऊनही मागे राहणाऱ्यांमध्ये परत लागेल ही भीती मोठं कारण असते. त्यामुळे ताकद, उडी, बॅलन्स हे सगळं मोजतानाच आम्ही तुम्हाला विचारतो की या पायावर भरवसा वाटतो का, आणि "नाही" असं उत्तर आलं तर प्लॅन बदलतो, त्याला घाबरटपणा म्हणत नाही. मी म्हणजेच माझा खेळ, मी म्हणजेच माझा नाच, असं ज्यांना वाटतं त्यांना सक्तीची विश्रांती जास्त जड जाते, त्या दिवसांत क्लासला जाऊन बसा, वहीत नोंदी करा, पण सगळ्यांपासून तुटू नका.

"थोडं दुखतंच, चालवून घेतो"

हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. एका बॅले कंपनीतल्या ५२ नर्तकांची वर्षभर नोंद ठेवली तर ३५५ इंज्युरी निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त अचानक लागलेल्या नव्हत्या, सततच्या वापराने हळूहळू झालेल्या होत्या. म्हणजे आधी सांगायला वेळ होता. पावलावर किंवा नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल, उडी मारली की वाढत असेल, आणि आता बसल्या-झोपल्याही जाणवत असेल तर नाच-पळणं थांबवून लगेच दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं.

घरी एक नोंद ठेवायला सांगतो ती एवढीच, की प्रॅक्टिस किती मिनिटं झाली आणि ० ते १० मध्ये किती जड गेली, दोन्हींचा गुणाकार करून लिहायचा. ६० मिनिटं आणि ७ म्हणजे ४२०. आठवड्याची बेरीज एकदम उसळी मारताना दिसली की आपण आधीच सावध होतो.

तुमची उत्तरं कुठे जातात

कुठलाही प्रश्न नको वाटला तर सोडून द्या, ट्रीटमेंट थांबणार नाही. तुम्ही लिहिलेलं कोच, डान्स टीचर किंवा टीमला तुमच्या परवानगीशिवाय सांगत नाही, कोचने फोन करून विचारलं तरी नाही. जिवाला धोका आहे असं दिसलं तरच अपवाद, आणि तेव्हाही आधी तुमच्याशी बोलतो. १८ वर्षांखालच्या मुलांचे पालक सोबत असतात, पण काही प्रश्न मुलांना एकट्यानेच विचारावे लागतात, पालकांनी तेवढी पाच-दहा मिनिटं बाहेर बसावं ही विनंती. आम्ही फिजिओ आहोत, मानसोपचार किंवा आहारतज्ज्ञाचं काम आमचं नाही, तशी गरज दिसली तर योग्य डॉक्टरांकडे पाठवतो आणि व्यायामाचा भाग त्यांच्याशी बोलून ठरवतो.

पहिल्या वेळी येताना जुने एमआरआय आणि रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं, पाळीच्या तारखा मोबाईलमध्ये असतील तर त्या, आणि ज्यात नाचता किंवा खेळता ते शूज घेऊन या. अनवाणी नाचत असाल तर प्रॅक्टिसच्या फरशीचा एक फोटो काढून आणा.