दात असलेली गाडी आणि दात नसलेली गाडी

उटीहून परतलेल्या माणसाला गाडी कशी होती म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं: ‘आपल्या माथेरानसारखीच, जरा मोठी.’ स्वित्झर्लंडहून आलेल्याला विचारावं, तर तो सांगतो, ‘युंगफ्राउला ग्लेशियर एक्स्प्रेसनंच गेलो ना आम्ही.’ दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी चूक एकच आहे. डोंगर चढणारी कुठलीही लहान गाडी दिसली की तिला ‘टॉय ट्रेन’ म्हणायचं, अशी आपल्याला सवय लागली आहे. या शब्दाचा मला मनापासून राग आहे. १८९९ पासून निलगिरीच्या उभ्या अंगावरून माणसं वर नेणारी गाडी खेळणं कशी असेल? आणि या एका शब्दाखाली दोन मुळातच वेगळ्या गाड्या एकत्र झाल्यामुळे लोक तिकीट चुकीच्या टप्प्याचं काढतात आणि बघायचं तेच न बघता परत येतात.

माथेरानबद्दल फार सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. नेरळहून निघायचं, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत २१ किलोमीटरच्या आसपास वळणं घ्यायची. पीरभॉय घराण्यानं ती बांधली, १९०७ साली सुरू झाली. तिचा सगळ्यांत कडक चढ साधारण १ मध्ये २०, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. डोंगर चढण्याची तिची युक्ती एकच: वळण. समोरून चढता येत नाही ना, मग वळसा घाल. दार्जिलिंगची गाडी मुख्यतः हेच करते.

उटीची गाडी माथेरानपेक्षा रुंद रुळांवर चालते, मीटर गेजवर. डबे निळे-पिवळसर आहेत. युनेस्कोच्या यादीत ती २००५ साली गेली, दार्जिलिंगच्या जोडीला. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच महत्त्वाचं नाही. गेजचा तर इथे संबंधच नाही. युंगफ्राउची गाडीही मीटर गेजवरच चालते आणि स्वित्झर्लंडमधलीच बर्निनाचीही, तरी त्या दोघींची जात वेगळी. सप्तशृंगी गडावरची ट्रॉली तिसऱ्याच प्रकारची. तिला वर बसवलेलं यंत्र दोरानं ओढून घेतं, तिच्यात स्वतःचं इंजिन नसतं. तिला या चर्चेतून बाहेरच ठेवू.

खरा फरक रुळांच्या मधोमध आहे.

लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं ते केवळ घर्षणाच्या जोरावर. सपाटीवर ही मोठी सोय आहे, कारण चाक सहज फिरतं आणि थोड्या ताकदीत खूप वजन ओढता येतं. चढावर हीच सोय अडचण होते. हिशेब अगदी ढोबळ करून बघू. इंजिनाचं वजन ५० टन धरा. रूळ धुक्यानं ओला आहे, त्यावर पाचोळा पडलाय, अशा वेळी चाकाची पकड वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी उरली असं समजा. म्हणजे चाक घसरू न देता इंजिन ५ टनांचा जोर लावू शकतं. १ मध्ये २० च्या चढावर ५ टनांच्या जोरात एकूण १०० टन वर जातील: ५० टन इंजिनाचे स्वतःचे आणि ५० टन डब्यांचे. ठीक आहे, गाडी चालेल. आता तेच इंजिन १ मध्ये १२ च्या चढावर आणा. एकूण ६० टन. इंजिन स्वतःलाच वर नेण्यात दमलं, डब्यांसाठी उरले १० टन. एवढ्यात माणसांनी भरलेली गाडी निघत नाही. आणि उतरताना याच्या उलट. ब्रेकनं चाकं थांबतील, पण थांबलेली चाकं तशीच घसरत जातील.

निलगिरीच्या, म्हणजे उटीच्याच, गाडीसमोर हाच १ मध्ये १२ चा चढ आहे. पायथ्याचं मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, उटी २२०० मीटरवर, अंतर फक्त ४६ किलोमीटर. पहिले आठएक किलोमीटर, कल्लारपर्यंत, गाडी सुपारीच्या बागांमधून साध्या गाडीसारखी जाते. कल्लारनंतर दोन रुळांच्या मधोमध तिसरी रांग सुरू होते: दातांच्या दोन पट्ट्या, एकमेकींच्या शेजारी. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं त्या दातांत अडकतात आणि गाडी शिडी चढल्यासारखी वर जाते. आता घर्षणावर भिस्त उरत नाही. रूळ ओला असो, तेलकट असो, दात दाताला धरून असतो.

पट्ट्या दोन का, हा प्रश्न पडायला हवा. ही स्विस अभियंता रोमान आब्ट याची पद्धत. दोन पट्ट्यांचे दात मुद्दाम मागेपुढे ठेवलेले असतात. एकीतला दात सुटायच्या बेतात असतो तेव्हा दुसरीतला पक्का बसलेला असतो, त्यामुळे धक्का कमी आणि पकड अखंड. इंजिनही त्यासाठीच घडवलेलं. ‘एक्स’ वर्गाची ही वाफेची इंजिनं स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली. पुढे तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानंही त्याच घडणीची नवी बांधली. त्यांना चार सिलिंडर असतात. दोन नेहमीची चाकं फिरवतात, दोन फक्त दातेरी चाकं. पहिल्या जोडीत वापरून झालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत जाते. कल्लारपर्यंत दातेरी चाकं फिरवणारे वरचे दांडे गप्प असतात, दात लागले की तेही हलायला लागतात. हे फलाटावरून उघड्या डोळ्यांनी दिसतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडीत चढायचंच विसरलो होतो.

आणखी एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला पटकन कळेल. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं लावतात, हे आपण वडा खाता खाता पाहिलेलं आहे. पण बोरघाटात पुढेही इंजिन असतं आणि चढ १ मध्ये ३७ एवढाच आहे. निलगिरीत चढताना इंजिन फक्त मागे. सगळी गाडी ते ढकलत नेतं, म्हणजे उताराच्या बाजूला नेहमी इंजिनच उभं. मधली जोडणी तुटली तरी डबे दरीकडे धावत सुटणार नाहीत. प्रवाशासाठी याचा फायदा असा, की सर्वांत पुढच्या डब्यासमोर काहीच नसतं. झेंडी घेतलेला ब्रेकवाला, रूळ, बोगद्याचं तोंड आणि दरी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. दातांची रांग कल्लार ते कुन्नूर एवढीच आहे. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं, डिझेलचं लागतं, आणि वेलिंग्टन, केट्टी, लव्हडेलमार्गे उटीपर्यंत गाडी साध्या रुळांवर, वळणं घेत, माथेरानच्याच पद्धतीनं जाते. आपल्याकडच्या बहुतेक सहली बंगळूर, म्हैसूर, बंदीपूर करत उटीला पोचतात, म्हणजे डोंगराच्या दुसऱ्या बाजूनं. मेट्टुपाळयम त्यांच्या वाटेवर येतच नाही. मग कार्यक्रमपत्रिकेत ‘टॉय ट्रेन’ लिहिलेलं असतं म्हणून उटी ते कुन्नूर असा तासा-सव्वा तासाचा फेरा होतो. तो वाईट नाही. निलगिरीची झाडं आहेत, केट्टीची दरी आहे, चहाचे मळे आहेत. पण त्यात एकही दात लागत नाही, वाफ नाही, १ मध्ये १२ चा चढ नाही. तो फेरा करून ‘उटीची गाडी माथेरानसारखीच’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला नेमका माथेरानसारखा तुकडाच दाखवलेला असतो. चीड येते ती दाखवणाऱ्याची.

म्हणून माझा आग्रह पक्का आहे: मेट्टुपाळयमहून बसा आणि चढतानाच बसा. मुंबईहून कोइम्बतूरला थेट गाडी आहे, तिथून मेट्टुपाळयम तासाभरावर. मुक्काम तिथेच करा, कारण गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि तिकिटं फार आधी संपतात. उटीला पोचायला जवळजवळ पाच तास लागतात. उतरताना साडेतीनच्या आसपास लागतात, म्हणून लोक उतरतीची गाडी पसंत करतात. मला ते पटत नाही. चढताना इंजिनाची मेहनत कानावर पडते, आणि पाणी भरायला गाडी हिलग्रोव्ह, रनीमेडसारख्या जंगलातल्या ठाण्यांवर थांबते तेव्हा खाली उतरता येतं. चहा घ्यावा, माकडांपासून वडा सांभाळावा, इंजिनापाशी जाऊन त्याच्या अंगाची ऊब घ्यावी. हे थांबे वेळ वाया घालवत नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन एवढं पाणी पितं की त्याला थांबावंच लागतं, आणि त्याच्या तहानेमुळे आपल्याला ते जंगल मिळतं. एक खबरदारी मात्र घ्या. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा परतीचा पाऊस असतो, दरडी कोसळतात आणि नेमका हाच टप्पा बंद पडतो. दिवाळीच्या सुट्टीत फक्त या गाडीसाठी जाऊ नये.

युरोपात घोळ उलटा होतो. तिथे लोकांना दातांची गाडी मिळते, पण दिसत काही नाही. युंगफ्राउयोखला जाणारी गाडी दातांची आहे, १९१२ साली पूर्ण झालेली, चढ चारात एकपर्यंत. पण क्लाइने शायडेगपासूनच्या तिच्या सव्वानऊ किलोमीटरांपैकी सातांहून अधिक आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून, बोगद्यात जातात. त्यात २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून थेट बोगद्याच्या तोंडाशी, आयगरग्लेचर स्थानकावर नेणारा रोपवे सुरू झाला. त्यानं गेलं की गाडीचा फक्त काळोखाचा भाग वाट्याला येतो. वेळ वाचतो हे मान्य, पण पाहायला गेलेल्या माणसानं नेमका कशासाठी वाचवायचा? निदान एका बाजूनं तरी लाउटरब्रुनेन, वेंगेन, क्लाइने शायडेग अशी वेंगर्नआल्पची गाडी घ्या. तीही दातांची, आणि जवळजवळ सगळी उघड्यावर. डाव्या-उजव्या हाताला धबधबे, लाकडी घरं, गायींच्या घंटा.

ग्लेशियर एक्स्प्रेस युंगफ्राउला जात नाही. ती झरमाट ते सेंट मॉरिट्झ, आठ तासांची, वाटेत काही टप्प्यांवर आब्टचे दात वापरणारी. बर्निना तिसरीच: सेंट मॉरिट्झकडून इटलीतल्या तिरानोला उतरणारी, २२५३ मीटरची खिंड ओलांडणारी, आणि तिला एकही दात नाही. चढ शंभरात सात, म्हणजे १ मध्ये १४, निलगिरीच्या अगदी जवळ. मग वर केलेला हिशेब इथे कसा चुकतो? चुकत नाही. तिथे विजेच्या गाडीत ताकद एकट्या इंजिनात कोंबलेली नसते. तिथल्या नव्या गाड्यांत बारा आसांपैकी आठांना मोटर असते. प्रवाशांचं बरंच वजन पकड देणाऱ्या चाकांवरच येतं. त्याला वळणांची जोड आहे, ब्रुसिओला तर गाडी उंची बदलण्यासाठी कमानींच्या पुलावर पूर्ण गोल फिरते आणि स्वतःच्याच वाटेखालून निघते. माथेरानचीच युक्ती, पण शेवटच्या टोकापर्यंत ताणलेली. माथेरान आवडणाऱ्यानं युरोपात एकच डोंगरी गाडी घ्यायची असेल तर ही घ्यावी.

आणि ती घेताना काचेच्या छताच्या महागड्या डब्याचा हट्ट सोडावा. त्या खिडक्या उघडत नाहीत, फोटोत आपलाच शर्ट उमटतो. त्याच रुळांवरून साध्या गाड्या दिवसभर जातात, आरक्षण लागत नाही, खिडकी खाली करता येते. आल्प ग्र्युमला उतरावं, समोरची हिमनदी हवा तेवढा वेळ बघावी आणि तासाभरानं येणाऱ्या पुढच्या गाडीत बसावं.