रुळांपलीकडचं तिएशी

ईशान्य चीनमधल्या शेनयांग शहराच्या या भागाचं नावच त्याचा पत्ता सांगतं: तिएशी, म्हणजे लोहमार्गाच्या पश्चिमेला. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया, म्हणजे हा ईशान्य चीनचा प्रदेश, बळकावल्यावर इथे कारखाने झपाट्याने वाढले. आखणी सरळ होती. जिआनशे रस्त्याच्या उत्तरेला कारखाने, दक्षिणेला घरं. १९४९ नंतर कम्युनिस्ट राज्यकर्ते आले, आखणी तीच राहिली. पहिल्या पंचवार्षिक योजनेत (१९५३-५७) सोव्हिएत मदत आली आणि अवजड यंत्रं, केबल, ट्रान्सफॉर्मर बनवणारं हे देशातलं मोठं केंद्र झालं.

१९५२ मध्ये ‘कामगार गाव’ बांधायला घेतलं. तीन मजली, लाल विटांच्या इमारती. आदर्श कामगारांना तिथे आधी घर मिळे, आणि ते मिळणं हा मान होता. घर, शाळा, दवाखाना, पेन्शन, सगळं कारखान्याकडून. म्हणूनच नव्वदच्या दशकात कारखाने तोट्यात रुतले तेव्हा पगाराबरोबर औषधपाण्याचे पैसेही अडकले. कामगार ‘श्यागांग’ झाला: नाव पटावर, काम नाही, हातात तुटपुंजा भत्ता. पुढे अनेकांना नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने एकरकमी पैसे देऊन मोकळं केलं. एकाच यंत्रावर आयुष्य घालवलेल्या पन्नाशीच्या माणसाला ते किती दिवस पुरणार?

२००२ मध्ये तिएशी आणि पश्चिमेचं औद्योगिक विकास क्षेत्र एका प्रशासनाखाली आलं. हिशेब जमिनीचा होता. शहरातली महाग जागा विकायची, पश्चिमेला स्वस्त जागेत कारखाना हलवायचा. मधल्या फरकातून नवी यंत्रं घ्यायची, जुनी देणी फेडायची. तांबं, शिसं, जस्त गाळणारा धातुशुद्धी कारखाना २००० मध्येच बंद पडला होता. त्याची शंभर मीटर उंचीची तीन धुराडी मार्च २००४ मध्ये सुरुंग लावून पाडली. अशा जागेत अडचण जमिनीखाली असते: जड धातू मातीत मुरलेले असतात, ती साफ केल्याशिवाय वस्ती करणं धोक्याचं.

पाडापाडीतून थोडं वाचलं. एका ओतशाळेचं संग्रहालय झालं, अवजड यंत्रांच्या कारखान्याची १९३७ ची एक शेड ‘१९०५’ नावाचं कलाकेंद्र झाली, कामगार गावातल्या काही इमारतीही जपल्या. हे मोलाचंच आहे. पण यंत्रं जपणं सोपं, त्यांच्याभोवतीची हक्कांची घडी जपणं अवघड, आणि ती कुणी जपली नाही.

२०१० मध्ये सुरू झालेली मेट्रोची पहिली मार्गिका जुन्या तिएशीला पश्चिमेच्या औद्योगिक भागाशी जोडते. पूर्वी कामावर जायला फक्त जिआनशे रस्ता ओलांडावा लागे.