पाळी जातेय की थायरॉईड?

चाळिशी ओलांडलेली बाई थकवा, वाढतं वजन, गळणारे केस आणि मागेपुढे होणारी पाळी सांगू लागली की दोनपैकी एक उत्तर हमखास मिळतं. ‘वयच आहे तुझं’ किंवा ‘थायरॉईड असेल’. दोन्ही खरं असू शकतं, अगदी एकाच वेळीसुद्धा. पण पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होणं आणि थायरॉईडचं काम मंदावणं ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यातलं दुसरं रक्ताच्या एका साध्या तपासणीत सापडतं. ती तपासणी न करताच बाईला ‘वयच आहे’ म्हणून गप्प बसवणं मला फार खटकतं.

घोळ होतो तो दोन्ही हार्मोन्स शरीरभर पोचतात म्हणून. इस्ट्रोजेन मुख्यतः बीजांडकोशात तयार होतं, पण त्याचं काम गर्भाशयापुरतं नाही. हाडं, मेंदू, त्वचा, रक्तवाहिन्या, मूत्रमार्ग या सगळ्यांना त्याची सवय असते. थायरॉईड ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला असते आणि तिचं हार्मोन जवळपास प्रत्येक पेशीच्या कामाचा वेग ठरवतं. म्हणून दोन्हींत त्वचा कोरडी पडते, नाव जिभेवर येऊन आठवत नाही, सांधे दुखतात, मन उदास होतं, कोलेस्टेरॉलही चढतं. एवढ्यावरून निदान करायला गेलं तर कुणीही चुकेल.

फरक पाहायचा तर आधी उष्णता आणि थंडी पाहावी. इस्ट्रोजेन उतरू लागलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. शरीराचं तापमान किंचित वाढलं तरी ‘फार तापलंय, थंड करा’ असा हुकूम सुटतो. रात्री तीनला अचानक जाग येते, छातीतून गळ्याकडे आणि चेहऱ्यावर आग चढत जाते, मानेखालची उशी ओली होते, पांघरूण भिरकावलं जातं. चार-पाच मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग त्याच घामाने हुडहुडी भरते. मंदावलेल्या थायरॉईडमध्ये अशी लाट येत नाही. तिथे गारठा मुक्कामालाच आलेला असतो. घरातले बाकीचे पंखा लावतात आणि ही शाल शोधते. जोडीला बद्धकोष्ठ, सकाळी सुजलेले डोळे, घोगरा झालेला आवाज, मंद नाडी.

थायरॉईड उलट्या बाजूला गेलं, म्हणजे जास्त काम करू लागलं, तर मात्र गरम होणं, घाम, धडधड, उडालेली झोप आणि कमी झालेली पाळी असं सगळं दिसतं. हे तर पाळी जाण्याचं हुबेहूब सोंग. खूण एवढीच, की ही उष्णता लाटांनी येत नाही, दिवसभर अंगात राहते. हात थरथरतात आणि बहुधा वजन उतरतं.

पाळीचंही तसंच. थायरॉईड मंदावलं की पाळीत बऱ्याचदा रक्तस्राव जास्त होतो आणि ती लांबते. इस्ट्रोजेन कमीच राहिलं की ती विरळ होते, हुकते, थांबते. मात्र पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन एका रेषेत उतरत नाही, खालीवर हेलकावे खातं, त्यामुळे तेव्हाही रक्तस्राव खूप होऊ शकतो. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीची जळजळ पुन्हा पुन्हा होणं ही मात्र इस्ट्रोजेनचीच खूण जास्त. बायका हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. सांगायला हवं, कारण निदान तिथेच अडलेलं असतं.

तपासणीत टीएसएच पाहतात. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीने थायरॉईडला दिलेला हुकूम. थायरॉईड ऐकेनासं झालं की हुकुमाचा आवाज चढतो, म्हणजे आकडा वाढतो. बीजांडकोशासाठी तसाच हुकूम म्हणजे एफएसएच. पण पंचेचाळिशीनंतर लक्षणं नेहमीची असतील तर एफएसएच सहसा लागत नाही, कारण आज आलेला आकडा पुढच्या महिन्यात बदललेला असतो. वय चाळिशीच्या आत असेल आणि पाळी काही महिने आली नसेल तर ही तपासणी टाळू नये, अर्थात गर्भधारणा नाही ना हे आधी पाहून. अगदी कमी खाणं, अतिव्यायाम किंवा मोठा ताण यानेही इस्ट्रोजेन घसरतं. तेव्हा एफएसएच वाढलेलं दिसत नाही, कारण हुकूम देणाराच थंडावलेला असतो.

आणि कधी एक दुखणं दुसऱ्याला जन्म देतं. थायरॉईड बरंच मंदावलं की प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढू शकतं. ते बीजांडकोशाकडे जाणारा निरोप अडवतं आणि इस्ट्रोजेन खाली येतं. अशा वेळी थायरॉईडवर उपचार केले की पाळी आपोआप सुरळीत होऊ शकते.

उपचारांतही दोघांची गाठ पडतेच. मंदावलेल्या थायरॉईडसाठी देतात ती थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड हार्मोनची, गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवायची. ‘थकवा जात नाही’ म्हणून डोस मनाने वाढवू नये. जास्तीचं थायरॉक्सिन हाडं पोखरतं आणि पाळी गेल्यावर त्याच हाडांवरचं इस्ट्रोजेनचं छत्रही गेलेलं असतं. पाळी जाण्याच्या त्रासावर इस्ट्रोजेन घ्यायचं ठरलं आणि गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हार्मोन लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर नको तेवढं वाढतं. इस्ट्रोजेनच्या गोळीने रक्तातलं थायरॉईड हार्मोन बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं, त्यामुळे आधी पुरणारं थायरॉक्सिन कमी पडू शकतं. त्वचेवरच्या पॅचने किंवा जेलने सहसा असं होत नाही. म्हणून थायरॉक्सिन चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली, तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करून घ्यावं.