समाजप्रबोधनाचं नाटक बाहेरून आलं का?

अनेक वर्षं फिरणारा एक समज: ‘आपल्या लोकनाट्यात नुसती करमणूक असायची, नाटकातून समाजसुधारणा ही बाहेरून आलेली, पथनाट्यानंतरची कल्पना.’

असं वाटणं स्वाभाविक आहे. चौकातली डफ-घोषणांची पथनाट्यं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जोमात आली आणि त्यांच्यावर परदेशी प्रयोगांचा प्रभावही होता. तेवढा भाग खरा.

पण त्याआधीचं बघा. जोतीराव फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 सालचं. गरोदर शेतकरणीला ग्रहपीडेची भीती घालून कुणब्याच्या घरातला पैसा कसा काढला जातो, हे त्यात टप्प्याटप्प्याने येतं, आणि मध्येमध्ये विदूषक प्रेक्षकांशी बोलतो. शेवटी नवरा-बायको शिकायला निघतात. पुढे फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले जलसे, म्हणजे गाणी-संवादांतून प्रबोधन करणारे खेळ, गावोगाव फिरले, मग आंबेडकरी जलसे आले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला: गण (सुरुवातीचं वंदन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य). फक्त माल बदलला. आंबेडकरी जलशांतल्या गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन आलं, वगात सावकारी आणि अस्पृश्यता. सोंगाड्या, म्हणजे हसवणारं पात्र, मात्र ठेवला, आणि ते शहाणपणाचंच होतं. लोक मुळात त्याच्यासाठी बसायचे!

पडताळायचं असेल तर जुन्या ग्रंथालयात जलशांची छापील पदं मागा. एखाद्या वगनाट्याच्या संहितेशेजारी ठेवून क्रम जुळवा, मग विषय. छपाईचं साल बहुधा मुखपृष्ठावर किंवा आतल्या पानावर सापडतं.